ओळखपत्र परत दिलेला माणूस

ताई,

माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. केंद्र सरकारच्या एका खात्यात, तपासणीच्या कामावर त्यांची सगळी नोकरी झाली. धाडी, पंचनामे, जबाब आणि मग वर्षानुवर्षं चालणाऱ्या फायली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. हल्ली रोज रात्री जेवण झालं की ते टीव्हीसमोर बसतात आणि एकाच साच्याचे अमेरिकन सिनेमे आणि मालिका बघतात. कुणीतरी माजी एजंट असतो, एकटाच, आणि तो अख्ख्या टोळीला पुरून उरतो. दीड-दोन वाजेपर्यंत हे चालतं. गोळीबाराच्या आवाजानं आईचं डोकं उठतं. सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत बाबांनी जाणं सोडलंय. परवा मी सहज विचारलं, यात एवढं काय आहे? तर म्हणाले, "बघ ना, त्याला कोणाची गरज लागत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाबांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, मग ही मारामारी त्यांना का आवडते? सबस्क्रिप्शन बंद करू का? माझंही सध्या बरं चाललेलं नाही. बुक केलेल्या फ्लॅटचा ताबा बिल्डर दोन वर्षं लांबवतोय. पण त्यांना उगाच टेन्शन नको म्हणून घरी काही बोलले नाही.

– एक मुलगी, डोंबिवली

प्रिय मुली,

सबस्क्रिप्शन बंद करू नकोस. रिमोट लपवणं, 'बाबा, डोळे खराब होतील' म्हणणं, यातलंही काही करू नकोस. बाबा जे बघतायत ते आधी तूही नीट बघ. आणि बघशील तेव्हा मारामारीच्या आधीचा अर्धा तास बघ. मी या कथा पुष्कळ वाचल्या आहेत आणि आवडीनं वाचते, म्हणून सांगते, या कथांचा जीव त्या अर्ध्या तासात असतो.

काय असतं त्यात? एक माणूस एखाद्या गावात उतरतो किंवा चारचौघांसारखं साधं आयुष्य जगत असतो. खिशात ओळखपत्र नाही, पद नाही, हाताखाली माणसं नाहीत. खानावळीत शिरतो तेव्हा दाराकडे तोंड करून बसतो. कोपऱ्यातल्या टेबलावरचा माणूस खोटं बोलतोय हे त्याला कळतं. बाहेर उभी असलेली गाडी सकाळपासून तिथेच आहे हे त्यानं टिपलेलं असतं. खात्यानं कार्ड परत घेतलं, पण तीस वर्षांत अंगात मुरलेली नजर कोणाला परत घेता येत नाही. प्रेक्षकाला हे दिसत असतं आणि गावातल्या लोकांना दिसत नसतं. त्यांच्या लेखी तो एक रिकामटेकडा असतो. आता तुझ्या बाबांना सोफ्यावर बसलेलं डोळ्यांसमोर आण. ज्या माणसानं उभा जन्म नोंदवह्यांतल्या खाडाखोडी पकडल्या, समोरच्याच्या जबाबातली फट ओळखली, त्याला आज सोसायटीचा वॉचमनसुद्धा 'आजोबा' म्हणतो. त्यांची नजर अजून शाबूत आहे. ती वापरायला मिळत नाही, एवढंच.

या कथा लिहिणाऱ्यांना हे दुःख ठाऊक असतं. आज या प्रकारातलं सगळ्यात लोकप्रिय नाव म्हणजे जॅक रीचर. त्याचा लेखक ली चाइल्ड हा मूळचा इंग्लंडचा जेम्स ग्रँट. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये तो बरीच वर्षं नोकरीला होता, कामगार संघटनेचंही काम करायचा. १९९५ साली कंपनीच्या फेररचनेत त्याची नोकरी गेली. वय चाळीस, घरी बायको-मुलगी. त्यानं कागद आणि पेन्सिली विकत आणल्या आणि लिहायला बसला. पहिली कादंबरी १९९७ साली आली. तिचा नायक कोण, तर अमेरिकन लष्करी पोलिसांतला मेजर, गुन्ह्यांचा तपास करण्यात वाकबगार आणि कपातीत बाहेर पडलेला. ही कपात कल्पनेतली नव्हती. सोव्हिएत संघ संपल्यावर अमेरिकेनं आपलं सैन्य झपाट्यानं कमी केलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जे सुमारे २१ लाख होते ते दहा वर्षांत १४ लाखांच्या आसपास आले. लाखो माणसांना सांगण्यात आलं की तुम्ही चांगलं काम केलंत, आता तुमची गरज नाही.

नोकरी गेलेल्या माणसानं नोकरी गेलेला नायक लिहिला, आणि त्याला असं घडवलं की त्याच्याकडून आणखी काही काढून घेताच येणार नाही. रीचरला घर नाही, बॅग नाही, खिशात घडीचा टूथब्रश. हप्ते नाहीत, साहेब नाही, वार्षिक गोपनीय अहवाल नाही. तुझे बाबा म्हणाले ना, त्याला कोणाची गरज लागत नाही? त्या वाक्याच्या पोटात मला दुसरं वाक्य ऐकू येतं, की आता माझी कोणाला गरज लागत नाही. हे दुसरं वाक्य बाप मुलीला सांगत नाही. म्हणून तो सिनेमातल्या माणसाकडे बोट दाखवतो.

तुला मुद्दाम एक सिनेमा सुचवते, कारण तो बाप-लेकीचा आहे. २००८ सालचा 'टेकन'. त्यातलं लियाम नीसनचं पात्र सीआयए या अमेरिकन गुप्तचर खात्यातून निवृत्त होतं ते कशासाठी, तर मुलीच्या जवळ राहता यावं म्हणून. घटस्फोट झालेला आहे, मुलगी आईकडे राहते, सावत्र वडील गडगंज श्रीमंत. मुलीच्या वाढदिवसाला हा कराओकेचं यंत्र घेऊन जातो, कारण लहानपणी तिला गायिका व्हायचं होतं. ती ते बघून खूश होतेय तोवर सावत्र वडील तिला घोडा देतात आणि ती तिकडे धावते. नीसन तेव्हा पंचावन्नच्या पुढे होता. मारधाडीचा नायक म्हणून त्याचं नाव घ्यावं असं तोवर काही नव्हतं. अडीच कोटी डॉलरच्या त्या सिनेमानं जगभरात बावीस कोटींहून अधिक कमावले आणि पन्नाशी-साठीतल्या नायकांच्या अशा सिनेमांची रांग लागली. पुढे पॅरिसमध्ये मुलीचं अपहरण होतं आणि हा तिला सोडवायला जातो. लोक त्या मारामारीसाठी गेले हे खरं. पण ती मारामारी इतकी लागते, कारण आधी आपण त्या बापाला घोड्यापुढे कराओकेचं यंत्र घेऊन उभं राहिलेलं बघितलेलं असतं. हा सिनेमा बाबांनी बघितला असेलच. तू त्यांच्याबरोबर पुन्हा बघ.

हे लोक नेहमी माजीच का असतात, याचंही कारण आहे आणि ते अस्सल अमेरिकन आहे. एफबीआय ही अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा १९०८ सालची. तिच्या एजंटांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटक करण्याचा कायदेशीर अधिकार १९३४ साली मिळाला. जे. एडगर हूव्हर १९२४ पासून १९७२ मध्ये मरेपर्यंत तिचा प्रमुख होता. त्याच्या अमदानीत नोकरीवरचा, सुटाबुटातला सरकारी माणूसच रेडिओवर आणि पडद्यावर नायक असे. मग ८ मार्च १९७१ची रात्र आली. सगळा देश मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या लढतीत गुंतलेला असताना पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी काही सामान्य नागरिकांनी एफबीआयचं छोटं कार्यालय फोडलं, फायली उचलल्या आणि वर्तमानपत्रांना पाठवल्या. विद्यार्थी, कृष्णवर्णीयांच्या संघटना, युद्धविरोधी मंडळी, सगळ्यांवर पाळत होती हे त्यातून उघड झालं. त्या लोकांना एफबीआय कधीच पकडू शकली नाही. त्यांच्यातल्या काहींनी स्वतःहून नावं सांगितली ती थेट २०१४ साली. पुढे राष्ट्राध्यक्ष निक्सनला पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण झालं. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं सीआयएचे परदेशी नेत्यांना मारण्याचे कट आणि नागरिकांची टपालं फोडण्याचे उद्योग जगासमोर मांडले. मला वाटतं, त्यानंतर अमेरिकन प्रेक्षकाला खात्याचं प्रशिक्षण असलेला, पण खात्यात नसलेला माणूस हवा झाला. कौशल्यावर त्याचा विश्वास उरला होता, कचेरीवरचा उडाला होता.

तुझ्या बाबांना अमेरिकेचा इतिहास माहीत असेल-नसेल. पण सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. केस पक्की असताना वरून फोन येणं, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहणं, पाच वर्षांनी बदली झाल्यावर कोणीतरी सांगणं की ते प्रकरण बंद झालं. तुझ्या बाबांच्या बाबतीत असं झालंच असेल असं मी म्हणत नाही. विचारून बघ. अशा माणसाला पडद्यावरचा एकांडा शिलेदार आवडला तर त्यात रक्ताची आवड नाही. कोणाची सही न घेता एक गोष्ट शेवटाला गेली, याचं ते समाधान असतं. आपल्याकडे बाबांच्या पिढीनं हे समाधान बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकडून आणि गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांतून घेतलेलं आहे. वाचनालयातून आणलेली ती पुस्तकं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली का, हेही त्यांना विचार. चेहरा खुलेल.

आता तुझ्या काळजीकडे येते, कारण ती पोकळ नाही.

या कथा दोन बाबतींत धडधडीत खोटं सांगतात. पहिली गोष्ट मारहाणीची. नायक एखाद्याला खुर्चीला बांधतो, बोट मोडतो आणि समोरचा लगेच खरा पत्ता सांगतो. '२४' ही मालिका २००१च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिच्यात हे इतक्यांदा घडायचं की २००६ साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले. हे थांबवा, आमच्या विद्यार्थ्यांवर याचा परिणाम होतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या गुप्तचर समितीनं सीआयएच्या छळाच्या पद्धतींवरचा अहवाल प्रसिद्ध केला. माहिती काढायला त्या पद्धती परिणामकारक नव्हत्या, असा तिचा निष्कर्ष होता. तुझे बाबा जबाब घेणारे अधिकारी होते. दमात घेऊन काढलेला जबाब किती टिकतो हे तुझ्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. असा प्रसंग आला की टीव्ही थांबवून त्यांना विचार, 'तुम्ही असता तर याला कसं बोलतं केलं असतं?' आणि मग मधे बोलू नकोस.

दुसरं खोटं जास्त घातक आहे, आणि तुझ्या मनात तेच रुतून बसलंय. माणूस एकटा असला की बलवान असतो, हे ते खोटं. एफबीआयच्या एजंटला ५७ व्या वर्षी सक्तीनं निवृत्त व्हावं लागतं. वीस वर्षं सेवा झाली असेल तर पन्नाशीतही बाहेर पडता येतं. म्हणजे खरेखुरे माजी एजंट अमेरिकेत हजारोंनी आहेत. ते काय करतात? त्यांनी १९३७ साली माजी एजंटांची संघटनाच काढली आणि ती आजही चालू आहे. ते एकमेकांना भेटतात, जुन्या सहकाऱ्यांच्या कुटुंबांना मदत करतात. हूव्हर ऐन भरात असताना, खऱ्याखुऱ्या माजी एजंटांना कार्ड परत दिल्यावर सगळ्यात आधी एकमेकांची सोबत लागली. बाबांना ही माहिती सांग, पण उपदेश म्हणून नको. असल्या तपशिलात त्यांना खरोखर रस वाटेल.

आणि पडद्यावरचा तो एकटा माणूससुद्धा कथा सुरू होईपर्यंतच एकटा असतो. कोणीतरी त्याच्याकडे येतं तेव्हा कथा सुरू होते. १९८५ साली अमेरिकेत 'द इक्वलायझर' नावाची मालिका सुरू झाली. तिचा नायक गुप्तचर खात्यातून बाहेर पडलेला, प्रौढ वयाचा. तो वर्तमानपत्रात जाहिरात देतो, की अडचणीत असाल, समोरचा भारी पडत असेल, तर मला फोन करा. प्रत्येक भागात कोणीतरी फोन करतं. मला विचारशील तर या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात हवंहवंसं वाटणारं दृश्य तेच. गोळी सुटते ते नव्हे, फोन वाजतो ते.

तुझ्या पत्राची शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा वाचली. दोन वर्षं ताबा न देणारा बिल्डर आणि घरी काही सांगितलं नाही. अगं, कागदपत्रांतली लबाडी शोधण्यात ज्यानं जन्म काढला असा माणूस तुझ्याच घरात सोफ्यावर बसलाय, आणि त्याला टेन्शन नको म्हणून तू त्याच्यापासून ती फाइल लपवतेस. तुझी माया मला कळते. पण त्याचा त्यांच्यापर्यंत पोचणारा अर्थ असा आहे की तुम्हाला आता काही झेपणार नाही. निवृत्त माणसाला घरातली माणसं खोटी कामं देतात. दूध आणा, वीजबिल भरा. ते काम आपल्याला गुंतवायला दिलंय हे त्याला बरोबर कळतं. तुझ्याकडे खरं काम आहे.

येत्या शनिवारी नोंदणी केलेला करारनामा, भरलेल्या सगळ्या रकमांच्या पावत्या, बिल्डरशी झालेली पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप घेऊन त्यांच्याकडे जा. बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण म्हणजे महारेरा, तिथला प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक बरोबर ठेव. करारात ताब्याची कोणती तारीख लिहिलीय आणि महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरनं पूर्णत्वाची कोणती तारीख दाखवलीय, किती वेळा मुदत वाढवून घेतलीय, हे दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांग. हे काम ते तासाभरात करतील आणि तुझ्या नजरेतून सुटलेलं काहीतरी काढतील. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताबा लांबला तर तुला दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागायचे, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. कोणती वाट धरायची ते त्यांच्याशी बोलून ठरव. सुनावणीच्या आधी समेटाचा प्रयत्न करायचा असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे आणि त्यात मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी बसतात. या पंचायतीचं काम कार्यकर्तेच चालवतात आणि तक्रारदाराला कागद वाचून वाट दाखवणारी माणसं तिथे लागतात. तुझ्या कामाच्या निमित्तानं बाबा तिथे गेले तर पुढचं तेच बघतील. आज त्याबद्दल काही बोलू नकोस.

रात्रीचं म्हणशील तर आईला त्रास होतोय हा प्रश्न खरा आहे आणि तो एका चांगल्या हेडफोननं सुटतो. तो तू आण आणि बाबांना आईचं नाव सांगून दे. मात्र काही गोष्टींवर लक्ष ठेव. सिनेमा चालू आहे पण ते बघत नाहीयेत, जेवण कमी झालंय, वजन उतरतंय, पहाटे जाग येऊन नुसते बसून राहतात, 'आता काय उरलंय' अशा धर्तीचं बोलणं वाढलंय, असं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे ने. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. आधी तू स्वतः फोन करून सल्ला घेतलास तरी चालेल. तू लिहिलंस त्यावरून ते तिथवर पोचलेत असं मला वाटत नाही. आवडीनं काही बघणारा, त्यावर एक वाक्य का होईना बोलणारा माणूस अजून दार उघडं ठेवून असतो.

एक शेवटचं. तक्रार तुझ्या नावानं, तुझ्या सहीनं कर. फाइल बाबांनी लावावी, तारखा त्यांनी सांभाळाव्यात, वकिलाला काय विचारायचं तेही त्यांनी काढून द्यावं. पण फाइल हातात आली की 'मी एकटाच जाऊन बघतो त्या बिल्डरकडे' असं ते म्हणण्याची शक्यता आहे. तेव्हा ऐकू नकोस. त्या दिवशी ऑफिसमधून सुटी काढ आणि दोघं मिळून जा.